वाचकांचे प्रश्न : मेंदूतील गाठ आणि एमआरआयचा अहवाल

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये मेंदूतील आक्रमक गाठींविषयीचे, त्यातही ग्लायोब्लास्टोमाविषयीचे प्रश्न अधिक आहेत. बऱ्याच जणांनी अहवालातील एखाददुसरे वाक्य उतरवून पाठवले आहे. उत्तरेही त्या वाक्यांना धरूनच दिली आहेत. फिल्म प्रत्यक्ष न पाहता एखाद्या रुग्णाच्या उपचारांविषयी मत देणे योग्य नाही, त्यामुळे ते येथे दिलेले नाही.

प्रश्न : वडिलांच्या अहवालात ‘रिंग एन्हान्समेंट, मध्यभागी नेक्रोसिस, हाय ग्रेड ग्लायोमाची दाट शक्यता’ असे लिहिले आहे. इतके स्पष्ट दिसत असताना डॉक्टर बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा, आग्रह का धरतात?

उत्तर : हाय ग्रेड ग्लायोमा म्हणजे मेंदूतील आधारपेशींची आक्रमक गाठ; ग्लायोब्लास्टोमा हा त्याचाच प्रकार. अहवालातील ‘शक्यता’ हा शब्द रेडिओलॉजिस्टने भीड म्हणून घातलेला नसतो. शिरेतून दिलेले गॅडोलिनियमचे इंजेक्शन (कॉन्ट्रास्ट) निरोगी मेंदूच्या पेशीजालात शिरत नाही, कारण मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती इतर अवयवांपेक्षा फार घट्ट असतात आणि रक्तातील बहुतेक द्रव्यांना अडवून धरतात. जेथे ही भिंत बिघडते तेथे औषध बाहेर झिरपते आणि चित्रात तो भाग पांढरा उजळतो. म्हणजे आपल्याला दिसते ती गळती; गाठीच्या पेशी नव्हेत. ग्लायोब्लास्टोमा घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या तयार करतो, त्या कच्च्या आणि गळक्या असतात, आणि वाढीच्या वेगाला रक्तपुरवठा पुरा न पडल्याने गाठीचा गाभा मरतो (नेक्रोसिस). म्हणून मध्ये काळा पोकळ भाग आणि भोवती जाडजूड, एका बाजूला फुगलेली, आतून खडबडीत अशी पांढरी कडा (रिंग एन्हान्समेंट) दिसते.

परंतु असेच कडे मेंदूतील गळवामुळे, क्षयाच्या गाठीमुळे, शरीरात अन्यत्र असलेल्या कर्करोगाच्या मेंदूत पसरलेल्या गाठीमुळे आणि क्वचित मज्जातंतूंवरील आवरणाच्या आजारातही दिसते. यांपैकी गळू वेगळे ओळखण्याचा मार्ग बऱ्यापैकी खात्रीचा आहे. डिफ्यूजन या तंत्रात पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतात. घट्ट पुवात पाणी अडकून पडते, त्यामुळे गळवाचा मधला भाग लख्ख चमकतो, तर मेलेल्या गाठीचा मधला भाग सहसा तसा चमकत नाही. मेंदूतील लिंफोमाची, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाची, अडचण निराळी आहे. सूज उतरवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने ही गाठ काही दिवसांतच विरघळल्यासारखी होते आणि मग तुकड्यातही निदान सापडत नाही. म्हणून लिंफोमाची शंका असल्यास आणि रुग्णाची प्रकृती परवानगी देत असल्यास, बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड थांबवून ठेवतात.

दुसरे कारण असे की आजच्या व्याख्येत ग्लायोब्लास्टोमा हे नाव केवळ चित्रावरून देताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणानुसार आयडीएच या जनुकात बदल नसणे ही त्याची मूळ अट आहे. गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसली तरी तिच्यात ठरावीक जनुकीय बदल आढळल्यास ती चौथ्या, म्हणजे सर्वांत आक्रमक, श्रेणीचीच धरतात. उलट काही आक्रमक गाठी इंजेक्शननंतरही उजळत नाहीत, आणि लहान मुलांमधील एक अत्यंत सौम्य गाठ मात्र भरपूर उजळते. पांढरेपणा आणि आक्रमकता यांची सांगड पक्की नाही, ती एवढ्यासाठी.

प्रश्न : एकदा एमआरआय झालेला असताना पुन्हा परफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी करण्यास सांगितले आहे. हे आवश्यक आहे का?

उत्तर : शस्त्रक्रियेचा बेत आखायचा असेल तर बहुधा होय. परफ्यूजनमध्ये कॉन्ट्रास्ट रक्तातून वाहत जाताना काही सेकंदांच्या अंतराने चित्रे घेऊन कोणत्या भागात रक्ताचे प्रमाण किती आहे हे मोजतात. गाठीत ते सगळीकडे सारखे नसते. बायोप्सीची सुई मेलेल्या गाभ्यात गेली तर हाती काहीच लागत नाही आणि गाठीच्या मंद भागात गेली तर श्रेणी प्रत्यक्षापेक्षा कमी ठरते. रक्तपुरवठा सर्वाधिक असलेली जागा आधी ठाऊक असली की सुईचा नेम तेथे धरता येतो. स्पेक्ट्रोस्कोपी चित्र देत नाही, आलेख देते : पेशींच्या आवरणाची उलाढाल दाखवणारा कोलीनचा सुळका वर चढलेला आणि निरोगी चेतापेशींचे लक्षण मानला जाणारा एनएए हा सुळका खाली गेलेला, असा तो गाठीत दिसतो. उपयुक्त आहे, पण हाडाजवळच्या किंवा रक्तस्राव झालेल्या गाठीत हा आलेख इतका विस्कटतो की त्यावर फारसे विसंबू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : आईची शस्त्रक्रिया झाली, नंतर सहा आठवडे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या झाल्या. महिनाभराने काढलेल्या एमआरआयमध्ये गाठ वाढल्याचे लिहिले आहे, तरीही डॉक्टर त्याच गोळ्या चालू ठेवून आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करू म्हणतात. ही दिरंगाई नाही का?

उत्तर : आपली धास्ती समजण्यासारखी आहे, पण या टप्प्यावर थांबून पाहणे हा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. रेडिएशनमुळेही रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, सूज येते, मेलेल्या पेशींभोवती दाह होतो आणि गळती वाढते. गळती वाढली की पांढरा भाग वाढतो. त्याला स्यूडोप्रोग्रेशन, म्हणजे वाढीचा आभास, म्हणतात. रेडिएशन संपल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तो विशेष आढळतो. एमजीएमटी जनुकाचे मेथिलेशन (त्या जनुकाला निष्क्रिय करणारा रासायनिक बदल) असलेल्या रुग्णांमध्ये, म्हणजे ज्यांच्यावर या गोळ्या अधिक परिणामकारक ठरतात त्यांच्यातच, तो जास्त दिसतो. या आभासाला खरी वाढ समजून चाललेले औषध बंद केले तर लागू पडलेला उपचारच हातचा जातो.

म्हणूनच 2010 मध्ये ठरलेल्या रॅनो निकषांनुसार, म्हणजे मेंदूतील गाठींवर उपचाराचा परिणाम जोखण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, रेडिएशननंतरच्या पहिल्या 12 आठवड्यांत, नवा पांढरा भाग मुख्यतः रेडिएशन दिलेल्या क्षेत्राबाहेर असल्याशिवाय किंवा तुकडा तपासून सिद्ध झाल्याशिवाय, त्याला वाढ म्हणायचे नाही. 2023 मधील सुधारित निकषांत रेडिएशननंतरचा पहिला स्कॅन हाच पुढील तुलनेचा पाया धरला आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या फिल्मशी केलेली तुलना या कामी उपयोगाची नाही.

‘वाढ’ हा शब्द कसा ठरतो तेही पाहण्यासारखे आहे. पडद्यावर गाठीचा सर्वांत मोठा व्यास आणि त्याला काटकोनात असलेला व्यास मोजून त्यांचा गुणाकार करतात, आणि तो 25 टक्के किंवा अधिक वाढला तर वाढ मानतात. समजा, आधी 30 आणि 20 मिलिमीटर होते, गुणाकार 600. आता 34 आणि 22 भरले, तर 748, म्हणजे 25 टक्क्यांना किंचित कमी. दुसरा व्यास 22 ऐवजी 23 धरला तर 782, म्हणजे 30 टक्क्यांची वाढ. कर्सर एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, स्कॅनच्या वेळी डोके थोडे कललेले असले, मधल्या काळात स्टेरॉइडचा डोस बदलला, एवढ्यानेही निष्कर्ष उलटू शकतो. त्यामुळे प्रत्येक स्कॅनला जाताना जुन्या सर्व सीडी आणि सध्याच्या स्टेरॉइडच्या डोसची चिठ्ठी सोबत न्यावी. केवळ छापील अहवालांची फाइल पुरत नाही.

परफ्यूजनमध्ये नव्या पांढऱ्या भागातील रक्ताचे प्रमाण कमी असेल तर तो रेडिएशनचा परिणाम असण्याकडे कल जातो, जास्त असेल तर खऱ्या वाढीकडे. अनेकदा दोन्ही एकाच कडेत शेजारी शेजारी नांदत असतात. मात्र आईची डोकेदुखी, झोपाळूपणा किंवा हातापायांतील अशक्तपणा वाढत असेल तर आठ आठवडे वाट पाहू नये. ते डॉक्टरांना लगेच कळवावे.

याच्या उलट आभासही असतो. बेव्हासिझुमॅब हे औषध रक्तवाहिन्यांची गळती रोखते, त्यामुळे काही दिवसांतच पांढरी कडा फिकी पडते आणि नातेवाइकांना गाठ गेल्यासारखे वाटते. अशा वेळी फ्लेअर या, सूज उजळ दाखवणाऱ्या, एमआरआयच्या चित्रात भोवतालचा उजळ भाग पसरतो आहे का, हे आवर्जून पाहावे लागते, कारण गाठीच्या पेशी पांढऱ्या कडेच्या बाहेर, सुजलेल्या दिसणाऱ्या मेंदूतही घुसलेल्या असतात.

प्रश्न : पेट स्कॅनने हा घोळ मिटणार नाही का?

उत्तर : कोणता पेट, यावर ते अवलंबून आहे. नेहमीच्या पेटमध्ये किरणोत्सारी साखर वापरतात, आणि निरोगी मेंदूच मुळात साखरेचा मोठा ग्राहक असल्याने सगळा मेंदू उजळतो व गाठ त्यात लपून जाते. अमिनो आम्लांवर आधारित पेटमध्ये पार्श्वभूमी शांत राहते आणि गाठ उठून दिसते. मात्र त्यांतील कार्बन 11 जडवलेल्या मेथिओनिनचा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा वेळ, सुमारे 20 मिनिटांचा असतो, त्यामुळे जेथे ते तयार होते त्याच इमारतीत वापरावे लागते. फ्लोरिन 18 चा अर्धायुकाल सुमारे 110 मिनिटे असल्याने त्यावर आधारित द्रव्य दुसऱ्या केंद्रातून आणणे शक्य असते.

प्रश्न : काकांची मूत्रपिंडे कमकुवत आहेत. कॉन्ट्रास्ट चालेल का?

उत्तर : तपासणीपूर्वी रक्तातील क्रिअॅटिनिन तपासून तो आकडा स्कॅन करणाऱ्यांना दाखवावा. मूत्रपिंडे फारच निकामी झालेल्या रुग्णांत गॅडोलिनियमच्या जुन्या, सरळ साखळीच्या औषधांमुळे त्वचा आणि सांधे कडक होण्याचा गंभीर विकार आढळला होता. वलयाकार रचनेच्या नव्या औषधांत हा धोका अत्यंत कमी आहे. कोणते औषध वापरणार, हे नावानिशी विचारण्यात संकोच करू नये. पेसमेकर, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूतील रक्तवाहिनीवर पूर्वी बसवलेली क्लिप असेल तर तेही आधीच सांगावे, आणि त्या उपकरणाचे कार्ड सोबत ठेवावे.