त्या राजीनाम्यावर सही करू नका

पत्र लांबलचक आहे, त्यातलं कामाचं एवढंच: अकरा वर्षं सात महिने पॅकिंग मशीनवर कायम नोकरी, जून २०२५ मध्ये मॅनेजरचा व्हॉट्सॲप आला, "उद्यापासून येऊ नका, हिशेब नंतर करू", आणि आता कंपनी एका महिन्याच्या पगाराचा चेक घेऊन जा म्हणते. नियुक्तिपत्रात नोटीस तीन महिन्यांची आहे, तर उरलेले दोन महिने मागू का, असं तुम्ही विचारता.

अशी पत्रं सारखी येतात आणि बहुतेकांची नजर चुकीच्या कागदावर असते. तुमचा खरा कागद पत्राच्या शेवटच्या ओळीत आलाय: चेकसोबत जूनची तारीख घातलेला राजीनामा, "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून. सगळं प्रकरण त्या फॉर्मॅलिटीवर अडलेलं आहे.

तुम्हाला काढलं तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून आली. जुन्या कायद्याचं कलम २५-एफ सांगतं की, मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची, म्हणजे त्याला कामावरून कमी करायचं, तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. ही भरपाई काढतानाच हातात पडायला हवी. ती दिली नाही तर कपातच बेकायदा ठरते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६० सालीच सांगून ठेवलंय. "हिशेब नंतर करू" असं लिहून मॅनेजरनं तुमचा निम्मा पुरावा फुकटात तयार करून दिला. मात्र राजीनामा देऊन गेलेल्या माणसाची कपात होत नाही. सही केलीत की २५-एफ गेलं, आणि मग तो राजीनामा दबावाखाली घेतला हे सिद्ध करत बसा.

एका महिन्याच्या चेकवर कंपनी काय वाचवते ते पाहा. सरासरी पगार २४ हजार. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सेवा बारा वर्षं. दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार धरून १ लाख ४४ हजार, अधिक नोटिशीचे २४ हजार. ग्रॅच्युइटी वेगळी. आणि ही फक्त कायदेशीरपणे काढलं असतं तर द्यावी लागली असती ती रक्कम. कारखान्यात शंभर किंवा जास्त कामगार असतील तर कलम २५-एन लागतं: तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची पूर्वपरवानगी. कामगार किती ते तुम्ही कळवलंच नाही.

आता तुमच्या दिरंगाईबद्दल. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे मालकाच्या गैरवागणुकीची, तक्रार ९० दिवसांत करता येते. "साहेब परत घेणार म्हणाले होते" या भरवशावर तुम्ही ते दिवस घालवलेत. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण साहेबांचा तोंडी शब्द हे कारण कितपत पटेल, सांगवत नाही. दुसरी वाट उघडी आहे: कामगार आयुक्त कार्यालयात मध्यस्थी करणाऱ्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि ४५ दिवसांत काही झालं नाही तर थेट न्यायालय. त्याला जुन्या कायद्यात तीन वर्षं होती. नव्या संहितेनुसार दोन वर्षांनंतर समेट अधिकारी प्रकरण हातात घेत नाही. तुम्ही दोनच धरून चाला. कोर्टं तारखांवर तारखा देतात म्हणून आपणही सुरुवातीलाच निवांत राहावं, हे गणित मला कधी कळलेलं नाही.

कंपनीचा बचाव आत्ताच दिसतो. ओळखपत्रावर तुमचं पद "लाईन सुपरवायझर" आहे, आणि दहा हजारांवर पगार असलेला सुपरवायझर जुन्या कायद्यात कामगार ठरत नाही. न्यायालय पाटी बघत नाही, मुख्यतः काय काम करत होता ते बघतं. तुम्ही स्वतः रोल लावत होता, सीलिंगचं तापमान बघत होता, शिफ्टच्या लॉगशीटवर ऑपरेटरच्या रकान्यात तुमची सही असायची, तर त्या लॉगशीटचे फोटो, सोबतचे दोन साक्षीदार आणि पीएफचं पासबुक जमवा. २४० दिवस भरल्याचं दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावरच येते. मेसेज असलेला फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही.

नोकरी परत मिळेलच असं वचन देत नाही. पूर्वी ते जवळजवळ ठरलेलं असायचं, हल्ली विशेषतः रोजंदारीवाल्यांना बऱ्याचदा एकरकमी भरपाईवर सोडतात. तुम्ही कायम होता, ही जमेची बाजू. मागचा पगार हवा तर सध्या टेम्पो चालवून काय मिळतं ते अर्जात सरळ लिहा, लपवलेलं उलटतपासणीत निघतं.

चेक घ्यायचाच असेल तर पोचपावतीवर "हक्क राखून, हरकतीसह" असं स्वतःच्या हातानं लिहा आणि तिचा फोटो काढा. लिहू देत नसतील तर चेक टेबलावर ठेवून बाहेर पडा आणि या आठवड्यातच कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.