१६२०च्या सुमारास जर्मन राज्यांतील चांदीची नाणी एकाएकी हिणकस का झाली?

आपण विचारले आहे की, १६१९ ते १६२३ या काळात जर्मन राज्यांतील नाणी हिणकस होण्याला केवळ तीस वर्षांचे युद्ध (१६१८–१६४८) कारणीभूत होते का. युद्धाने घाई केली हे खरे. परंतु मूळ दोष, माझ्या मते, १५५९च्या शाही, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याच्या, नाणेकायद्यात होता.

१५६६मध्ये राइखस्टालर हे मोठे नाणे त्या कायद्यात समाविष्ट झाले. कोलोनच्या एक मार्क, म्हणजे सुमारे २३४ ग्रॅम, शुद्ध चांदीतून नऊ टालर पाडायचे, हे प्रमाण बऱ्याच अंशी टिकले. खरी अडचण होती ती खुर्द्याची. क्रॉयत्सरसारख्या लहान नाण्यांचा कसही कायद्याने चढा ठरवला होता; पण तेवढ्याच चांदीतून असंख्य चकत्या कापून, जोखून, प्रत्येकीवर ठसा मारायचा म्हणजे मजुरी कितीतरी वाढे. कायदा पाळून खुर्दा पाडणारा तोट्यात जाई आणि ज्या लहान राज्यांकडे स्वतःच्या खाणी नव्हत्या, त्यांना कस उतरवण्याचा मोह आवरत नसे.

त्यात १६१८पासून फौजांचा पगार भागवायची वेळ आली. नाण्यांचे दलाल तराजूवर जड नाणी वेचून काढत, ती वितळवत आणि शेजारच्या मुलखात हिणकस खुर्दा देऊन आणखी चांगली नाणी उचलत. तराजूची दांडी झुकवण्यावरूनच या काळाला ‘किपर आणि विपर’ काळ हे नाव पडले. शेजाऱ्याने कस उतरवला की आपली चांगली नाणी त्याच्या मुशीत जाणार, हे दिसत असल्याने प्रामाणिक राजालाही तीच वाट धरावी लागे. हे दुष्टचक्र मला या प्रकरणाचा गाभा वाटते. बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) १६२२ साली सेनापती वालेनश्टाइन, तिथला शाही कारभारी लिश्टेनश्टाइन, सावकार हान्स द विटे आदींच्या मंडळाला टांकसाळींचा मक्ता मिळाला आणि एका मार्कातून ७९ गुल्डन (एक गुल्डन म्हणजे ६० क्रॉयत्सर) पाडण्याचे ठरले.

म्हणून ‘चांदीची नाणी बिघडली’ असे सरसकट म्हणणे मला बरोबर वाटत नाही. टालर बहुतांशी तसाच राहिला, सडला तो खुर्दा. १५६६मध्ये ६८ क्रॉयत्सरला मिळणारा टालर १६२२मध्ये कित्येक शहरांत ६०० क्रॉयत्सरच्या घरात पोहोचला. १६२३च्या सुमारास दक्षिणेत तो ९० क्रॉयत्सरवर स्थिरावला, तेव्हा ज्यांची मजुरी आणि शिल्लक खुर्द्यातच होती, त्यांच्या हाती जवळजवळ तांब्याचेच मोल उरले.