याचिकेआधीचे कागद

प्रिय सहकाऱ्यास,
सप्रेम नमस्कार.

माहिती अधिकाराबाबतच्या याचिकेचा तुझा मसुदा वाचला. तळमळ पानोपानी दिसते. पण लोकशाहीवरचं विवेचन आधी आणि अर्जाची तारीख शेवटी, हा क्रम उलटा हवा. जाणून घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या राज नारायण निकालातच मान्य केलाय. न्यायाधीशांना तो नव्याने पटवायला नको. त्यांना बघायचं असतं, कागद कोणाकडे मागितला, कधी मागितला आणि उत्तर काय आलं.

म्हणून पोच जपून ठेव. तीस दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. त्यानंतर 90 दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरं. हे टप्पे गाळून थेट उच्च न्यायालय गाठलंस, तर ‘पर्यायी उपाय उपलब्ध आहे’ एवढ्यावर याचिका निकालात निघू शकते.

एका नस्तीसाठी, म्हणजे एका सरकारी फाइलसाठी, जनहित याचिका करू नये, हे माझं ठाम मत. तिथे आयोगाच्या आदेशाविरुद्ध साधी रिट, म्हणजे आपल्यापुरती उच्च न्यायालयातली याचिका, पुरते. जनहित याचिका राखून ठेवायची ती सगळ्यांचीच वाट अडते तेव्हासाठी. माहिती अधिकार कार्यकर्त्या अंजली भारद्वाज आणि इतरांची सर्वोच्च न्यायालयातली याचिका बारकाईने वाच. माहिती आयुक्तांची पदं रिकामी, अपिलं वर्षानुवर्षं पडून, हे त्यांनी आयोगवार मांडलं. 15 फेब्रुवारी 2019 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की पद रिकामं होण्याच्या एक-दोन महिने आधीच भरतीची प्रक्रिया सुरू करा. तरीही पदं पुन्हा रिकामी राहिली, पुन्हा कोर्टात जावं लागलं. तेव्हा तुझ्या विनंत्यांमध्ये, म्हणजे न्यायालयाकडे मागायच्या आदेशांमध्ये, अनुपालन अहवालाची (आदेश पाळला का, याच्या अहवालाची) मागणी हवीच.

त्या विनंत्यांवर सगळ्यात जास्त वेळ घाल. ‘कायद्याची प्रभावी अंमलबजावणी व्हावी’ याला सरकारी वकीलही हरकत घेणार नाही आणि हलणार काहीच नाही. कोणत्या अधिकाऱ्याने कोणता अभिलेख किती दिवसांत कुठे प्रसिद्ध करायचा, ते लिही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 चा आधार दे; माहिती आपणहून प्रसिद्ध करायचं बंधन त्यात आहे. खासगी तपशिलाची सबब पुढे येईलच. त्यावर त्याच कायद्याचं कलम 10 आहे: तेवढा भाग झाकून उरलेला कागद द्या, असं आपणच आधी म्हणायचं. मागणी अशी आटोपशीर असली की नकार टिकवणं अवघड जातं.

‘नस्ती सापडत नाही’ या उत्तराने खचू नकोस. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 साली विश्वास भांबुरकर प्रकरणात स्पष्ट केलंय, की एवढं म्हणून सुटका नाही. कसून शोध घ्यावा लागतो, गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागते.

मसुद्याला पहिल्या अपिलाची पोच जोडलेली दिसली नाही. ती हाती येईपर्यंत दाखल करायची घाई करू नकोस.