वाचकांचे प्रश्न : पट्टे कुठे जातात?

प्रश्न : प्रयोगशाळेत दोन फटींतून लेसरचे व्यतिकरण-पट्टे (प्रकाशलाटा एकमेकींत मिसळून उमटणारे उजळ-काळे पट्टे) स्वच्छ दिसतात, मग गुंतलेल्या जोडीतला (ज्यांच्या अवस्था एकमेकींशी जोडलेल्या असतात अशा दोन प्रकाशकणांपैकी) एक फोटॉन पाठवल्यास ते का पुसले जाऊ शकतात? (विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे)

उत्तर : पट्टे उमटण्यासाठी दोन्ही वाटांनी आलेल्या प्रकाशाचा कलासंबंध (लाटांच्या चढ-उतारांचा आपसांतला ठरावीक मेळ) टिकावा लागतो. सोडियमच्या दिव्यावर मायकेलसन व्यतिकरणमापीचा (प्रकाश दोन वाटांत विभागून पुन्हा एकत्र आणणाऱ्या उपकरणाचा) आरसा हळूहळू सरकवून पाहा : सोडियमच्या प्रकाशातल्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन रेषांमुळे पट्टे पुसट होतात आणि आरसा सुमारे ०.२९ मिलिमीटर सरकला की पुन्हा ठळक होतात.

गुंत्यात मात्र कारण निराळे आहे. जोडीदार फोटॉनच्या अवस्थेवरून पहिल्याची वाट ओळखता येत असेल, तर जोडीदाराकडे कोणी पाहिले नाही तरी पट्टे उमटत नाहीत. १९९१ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात लिओनार्ड मँडेल आणि सहकाऱ्यांनी दोन स्फटिकांमधून फोटॉनच्या जोड्या निर्माण केल्या आणि जोडीदारांच्या वाटा एकमेकींवर अचूक जुळवल्या, म्हणजे जोडीदार कोणत्या स्फटिकातून आला हे ओळखता येईना, तेव्हा उरलेल्या दोन शलाकांमध्ये व्यतिकरण दिसले. पण स्फटिकांच्या मधोमध जोडीदाराची वाट अडवताच, मोजल्या जाणाऱ्या शलाकांना हातही न लावता, ते नाहीसे झाले. माझ्या मते प्रकाशशास्त्रातला हा सर्वांत सुंदर प्रयोग आहे.