माझी पट्टी मोठी का येते?

बेळगावात माझ्याकडे येणाऱ्या अभियांत्रिकी पदविकेच्या मुलांपैकी बरीच मुले खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूंची आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली असतात. पहिल्या सत्राचे दोन महिने उलटले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : गणितात आजवर कधी अडलो नाही, मग ड्रॉइंगच का जमत नाही, आणि जमत नसेल तर शाखा बदलावी की शिक्षणच सोडावे? पालकांच्या तोंडी हाच प्रश्न वेगळा होऊन येतो. मुलाला मराठी शाळेत घातले तिथेच चुकले का, असे ते विचारतात. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे ड्रॉइंग शिकवत होतो, त्यामुळे मला एक खोड लागली आहे. भीतीबद्दल बोलण्याआधी मी समोर कागद ठेवतो आणि जिथे अडते तेवढेच काढून दाखवायला सांगतो. गेल्या वर्षीची एक हकिगत त्यासाठीच लिहीत आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याला तिची व तिच्या वडिलांची संमती आहे.

मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका गावची, सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला, वडील गवंडी. पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी चार गुण मिळाले होते. ड्रॉइंगचा तास असेल त्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखे आणि बस चुके. घरच्यांना वाटे की मुलगी अभ्यास टाळते आहे. प्रत्यक्षात ती रात्री अकरा वाजेपर्यंत एकच आकृती काढत आणि खोडत बसलेली असे. “मी रोज करतो सर, पण येतच नाही की हो,” ती म्हणाली. (आमच्याकडच्या मुली बोलताना ‘मी करतो’ असेच म्हणतात.) तिने वहीतला कागद दाखवला, तेव्हा खोडरबराने तो एका जागी जवळजवळ आरपार गेला होता.

प्रश्न साध्या प्रमाणपट्टीचा होता : २.५ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर या प्रमाणाची, मीटर आणि डेसिमीटर दाखवणारी, ६ मीटरपर्यंत मोजता येईल अशी पट्टी काढा आणि तिच्यावर ४.७ मीटर अंतर दाखवा. मी तिला विचारले, की ही पट्टी कशासाठी काढायची असते? तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि आपल्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी वर धरली. दुकानात दहा रुपयांना मिळते ती वस्तू कागदावर पुन्हा का काढायची, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून तिच्या मनात होता आणि तो विचारला तर वर्ग हसेल म्हणून तिने तो गिळला होता. शिक्षक ‘स्केल’ म्हणत, आणि तिच्या लेखी स्केल म्हणजे फूटपट्टी. वस्तूची लांबी आणि चित्रातली लांबी यांचे नाते सांगणारे प्रमाण यालाही स्केलच म्हणतात, आणि ते नाते दाखवण्यासाठी काढलेल्या पट्टीलाही स्केलच म्हणतात, हे तिला कोणी सुटे करून सांगितले नव्हते. माध्यमाचा अडथळा मी नाकारत नाही. तो असतो, पण या प्रकरणात तो एवढ्या एका शब्दाएवढा होता. बसमध्ये आणि बाजारात कानडी सहज बोलणारी मुलगी वर्गात मात्र तोंड उघडत नव्हती, कारण नेमके काय कळले नाही हेच तिला कोणत्याही भाषेत मांडता येत नव्हते.

मग मी तिला चाचणीतले उत्तर पुन्हा लिहायला सांगितले. तिने आर.एफ. (रिप्रेझेंटेटिव्ह फ्रॅक्शन, म्हणजे प्रमाण दाखवणारा अपूर्णांक) लिहिला २.५ भागिले १, म्हणजे २.५. आर.एफ. म्हणजे चित्रातली लांबी भागिले खरी लांबी. अंश आणि छेद एकाच एककात घेतले तरच त्याला अर्थ येतो, आणि ते एकक कापले जात असल्यामुळे आर.एफ.ला स्वतःचे एकक उरत नाही. नियम तिला पाठ होता. मी एवढेच विचारले, की आर.एफ. अडीच आला तर चित्रातले घर खऱ्या घरापेक्षा मोठे होईल की लहान? अडीच पट मोठे, हे लक्षात येताच ती पहिल्यांदा हसली आणि तिने आपणहून मीटरचे १०० सेंटिमीटर केले : २.५ भागिले १००, म्हणजे १/४०. घड्याळाचा बारीक भाग काढायचा असेल तर आर.एफ. एकापेक्षा मोठा येणे रास्तच असते. घराचा येत असेल तर थांबून पाहावे. पट्टीची लांबी म्हणजे आर.एफ. गुणिले जास्तीत जास्त मोजायचे अंतर, म्हणजे ६०० भागिले ४०, १५ सेंटिमीटर. हेही तिने केले.

एवढे येत होते, तर घरी रात्री अकरा वाजेपर्यंत ती काय खोडत होती, हे मला कळेना.

तिने पिशवीतून झेरॉक्स नोट्स काढल्या. त्यात हेच उदाहरण सोडवलेले होते, आर.एफ. १/४० आणि लांबी १५ सेंटिमीटर असे स्पष्ट लिहिलेले होते. “पण सर, माझी पट्टी मोठी येते,” ती म्हणाली आणि तिने फूटपट्टी त्या छापील आकृतीवर ठेवली. आकृती १०.६ सेंटिमीटर भरली. लिहिलेले १५ आणि मोजलेले १०.६ यांच्यामध्ये कुठेतरी आणखी एक पायरी असणार, ती वर्गात सगळ्यांना कळली आहे आणि आपल्यालाच कळलेली नाही, असे तिने धरून ठेवले होते. बाकीच्या मुलांकडेही त्याच नोट्स होत्या, परंतु त्यांपैकी कोणी आकृती मोजून पाहिली असेल असे मला वाटत नाही. हिने मोजली, म्हणून ही अडकली.

मूळ पान ए-३ आकाराचे असणार आणि ते लहान करून ए-४ वर काढलेले असणार. असे करताना प्रत्येक लांबी सुमारे ०.७१ पट होते, आणि १५ ला ०.७१ ने गुणले की तिची १०.६ येते. मी तिला हे लगेच सांगितले नाही. त्याच पानावर खाली एका खोलीचा आराखडा होता आणि तिच्या लांबीवर ४ मीटर असे लिहिलेले होते. मी तिला ती लांबी दोन रीतींनी काढायला लावली. पहिल्यांदा फूटपट्टीने : खोली ७.१ सेंटिमीटर भरली, गुणिले ४० म्हणजे २८४ सेंटिमीटर, तीन मीटरसुद्धा नाही. दुसऱ्यांदा डिव्हायडरने, म्हणजे आपल्या कर्कटकाने : खोलीच्या दोन टोकांवर त्याची टोके ठेवून, ते न हलवता वरच्या छापील प्रमाणपट्टीवर आणून ठेवले. एक टोक शून्यावर आणि दुसरे बरोबर ४ वर बसले. तिने ते तीनदा करून पाहिले.

यंत्राने पान लहान केले तेव्हा खोली आणि पट्टी दोन्ही सारख्याच आखडल्या होत्या, आणि ‘१/४०’ हे आकड्यात लिहिलेले मात्र तसेच राहिले होते. त्या पानावरचे खरे प्रमाण सुमारे १:५७ झाले होते, आणि तरीही काढलेली पट्टी खरे बोलत होती. जुना कागद दमटपणाने फुगतो किंवा वाळून आक्रसतो तेव्हाही हेच घडते. म्हणून नकाशावर आकड्यातल्या प्रमाणाशेजारी पट्टी काढतात, आणि दुकानातली फूटपट्टी हे काम करू शकत नाही. आता बांधकामावर आराखडे मोबाइलवर येतात आणि बोटाने लहानमोठे करून पाहिले जातात. तिथे तर आकड्यातल्या प्रमाणाला काहीच अर्थ उरत नाही. एक पान लहान करून वाटताना त्याचा मुलांच्या मापांवर काय परिणाम होईल, हे नोट्स देणाऱ्याच्या ध्यानात आले नसेल. मी शिकवत असताना माझ्याकडूनही असे झालेले असण्याची दाट शक्यता आहे.

दुसऱ्या भेटीत आम्ही शून्याकडे वळलो. तिने पट्टीचे १५ सेंटिमीटर सहा भागांत विभागून शून्य डाव्या टोकाला घातले होते, आणि ४.७ कुठे दाखवायचे हे तिला सुचत नव्हते. साध्या पट्टीत शून्य पहिला भाग संपतो तिथे असते. शून्याच्या उजवीकडे मीटर १, २, ३, ४, ५ असे जातात आणि डावीकडच्या एकट्या भागाचे दहा डेसिमीटर उजवीकडून डावीकडे मोजले जातात. नियम म्हणून हे विचित्र वाटते. मी तिला शून्य डाव्याच टोकाला ठेवून ४.७ मोजायला सांगितले. त्यासाठी तिला प्रत्येक मीटरचे दहा भाग करावे लागले असते, म्हणजे साठ घरे आणि साठ ठिकाणी चुकण्याची सोय. शून्य आत आणले की एकाच घराचे दहा भाग पुरतात, आणि कर्कटकाचे एक टोक ४ वर, दुसरे शून्याच्या डावीकडे ७ वर ठेवले की ४.७ एका फटक्यात मिळते. तिने ते अंतर नंतर फूटपट्टीनेही तपासले : ४ वेळा २.५ म्हणजे १०, आणि ७ वेळा अडीच मिलिमीटर म्हणजे १.७५, एकूण ११.७५ सेंटिमीटर.

अडीच मिलिमीटरची घरे फूटपट्टीने आखू नयेत, कारण अर्धा मिलिमीटर डोळ्याने धरावा लागतो आणि दहाव्या घरापर्यंत चूक साठत जाते. पहिल्या घराच्या एका टोकातून लघुकोनात तिरपी रेघ काढावी, तिच्यावर कर्कटकाने कोणतेही, पण सारखे, दहा टप्पे घ्यावेत, दहावा टप्पा घराच्या दुसऱ्या टोकाला जोडावा आणि गुण्या सरकवत त्या जोडरेषेला समांतर रेघा बाकीच्या नऊ टप्प्यांतून खाली आणाव्यात. हे का जमते, असे विचारल्यावर तिने क्षणभरही न थांबता थेल्सचे प्रमेय (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा बाकीच्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात विभागते) मराठीत घडाघडा म्हणून दाखवले. ज्या गोष्टीला ती पंधरा दिवस घाबरत होती, तिचे कारण तिला दहावीपासून पाठ होते.

तिसऱ्या भेटीला वडील आले. हातावर सिमेंटच्या भेगा, बोलणे थोडके. “मराठी शाळेत घातली म्हणून असं झालं काय हो सर?” त्यांनी बसता बसताच विचारले. मी उत्तर दिले नाही. मी मुलीला अर्धा इंच म्हणजे १ फूट या प्रमाणाची, १२ फुटांपर्यंत मोजणारी पट्टी काढायला सांगितली. आर.एफ. १/२४, लांबी ६ इंच, हे तिने पटकन केले. पहिल्या घराचे मात्र तिने सवयीने दहा भाग करायला घेतले, तेव्हा वडील खुर्चीत पुढे सरकले. “अगं, फुटात इंच बारा की!” त्यांनी तिच्या हातातला कर्कटक घेऊन तो परत तिच्याच हातात दिला. मग त्यांनी मला सांगितले, की या प्रमाणाच्या आराखड्यावर ते टेपने मोजतात तेव्हा एक सूत म्हणजे तीन इंच धरतात. अर्ध्या इंचात चार सूत, आणि चार सूत म्हणजे एक फूट. त्यांचा हिशेब चोख होता. आर.एफ. हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मुलीने वडिलांकडे पाहिले, आणि वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यावे लागले नाही.

क्षेत्रफळाचा एक प्रश्न तेवढा राहिला होता, कारण चाचणीत तोही चुकला होता. क्षेत्रफळावरून आर.एफ. काढायचा असेल तर वर्गमूळ घ्यावे लागते, आणि ते ती विसरत असे. माझ्या खणात एका गावनकाशाची जुनी प्रत असते. त्याचे प्रमाण १:७९२०, म्हणजे मैलाला ८ इंच. हा आकडा ऐकून मुले नेहमी बुचकळ्यात पडतात. ७९२० इंच म्हणजे ६६० फूट, आणि आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, तेव्हा नकाशावरच्या एका इंचात अशी वीस मापे बसतात आणि एका चौरस इंचात वीस गुणिले वीस, ४०० गुंठे, म्हणजे १० एकर. उलट जाताना ४०० चे वर्गमूळ घेतले तरच लांबीची ती वीस मापे परत मिळतात. वडिलांना एकर आणि गुंठे समजावे लागले नाहीत. ते मुलीला समजावू लागले आणि मी चहा सांगितला.

शाखा बदलायचा विषय त्यानंतर निघाला नाही. झोप आणि जेवण यांच्याकडे मी आणखी दोन भेटींत लक्ष ठेवले. सकाळची पोटदुखी तीन आठवड्यांत कमी झाली, पूर्ण गेली असे म्हणणार नाही. पुढच्या चाचणीनंतर ती कागद घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा रागावलेला होता. पट्टी बरोबर होती, शून्य जागेवर होते, दिलेले अंतरही नीट दाखवलेले होते, परंतु पट्टीच्या खाली आर.एफ. आणि दोन्ही बाजूंना एककांची नावे लिहायची ती विसरली होती आणि दोन गुण गेले होते. “एवढं सगळं केलं, आणि ‘मीटर’ लिहायचं राहिलं,” असे म्हणत तिने माझ्या टेबलावरचे पेन उचलले आणि गुण मिळणार नाहीत हे माहीत असूनही ते दोन शब्द तिथल्या तिथे लिहून टाकले.