पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट यायच्या आधीच असायक्लोव्हिर का सुरू करतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना ताप आला, दोन दिवसांत ते बरळायला लागले, एक फिट आली; आणि हॉस्पिटलात पाठीतलं पाणी तपासायला पाठवल्याबरोबर, निदान नक्की नसताना असायक्लोव्हिरची इंजेक्शनं चालू केली. डॉक्टरांनी घाई केली का, असं तुम्ही विचारताय. नाही. अशा लक्षणांत पहिला संशय हर्पिस विषाणूमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेचा (हर्पिस एन्सेफलायटिस) असतो, आणि असायक्लोव्हिर हे त्याच विषाणूवरचं औषध. मी मेंदूविकाराच्या वॉर्डात काम करतो. माझ्यासमोर असा पेशंट आला तर मीही रिपोर्टसाठी थांबणार नाही.

यामागे अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ रिचर्ड व्हिटली यांचं काम आहे. 1970 च्या आसपास या आजारावर आयडॉक्सयुरिडिन नावाचं औषध दिलं जायचं. एखादा पेशंट वाचला की औषधाला गुण आला, असं सगळे धरून चालायचे. रीतसर चाचणी घेतल्यावर कळलं की ते निरुपयोगी आहेच, वर घातकही आहे. म्हणून व्हिटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचं औषध, व्हिडॅराबिन, थेट प्लासिबोसमोर, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या डोससमोर, ठेवून तपासलं. मरणाच्या दारातल्या माणसाला नुसतं सलाइन देणं ऐकायला क्रूर वाटतं, पण माझ्या मते त्या वेळी प्रामाणिक रस्ता तोच होता. निदानासाठी कवटीला भोक पाडून मेंदूचा बारीकसा तुकडा काढावा लागायचा. 1977 साली निकाल आला: खात्रीचं निदान झालेले पेशंट फक्त 28, पण प्लासिबोवाल्यांत 70 टक्के दगावले आणि औषधवाल्यांत 28 टक्के.

व्हिडॅराबिन पाण्यात नीट विरघळत नाही. ते द्यायला भरपूर सलाइन चढवावं लागे, आणि मेंदू आधीच सुजलेला. 1986 साली त्याच गटाने ते असायक्लोव्हिरशी ताडून पाहिलं. व्हिडॅराबिनवर मृत्यू 54 टक्के, असायक्लोव्हिरवर 28. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही याच अभ्यासात आहे: ज्यांना लवकर, शुद्ध पूर्ण हरपण्याआधी औषध मिळालं, ते जास्त वाचले आणि जास्त चांगले सावरले. हा विषाणू कानशिलाच्या आतल्या भागातला, म्हणजे स्मरणशक्ती आणि भाषा सांभाळणारा मेंदू जाळत जातो. तिथली एकदा मेलेली पेशी परत येत नाही. रिपोर्टला दोन दिवस लागले तर ते दोन दिवस मेंदूतून वजा होतात.

उलट, आजार दुसराच निघाला तर असायक्लोव्हिर बंद करता येतं. विषाणूचं स्वतःचं एन्झाइम त्याला चेतवतं, त्यामुळे निरोगी पेशींना ते फारसं छळत नाही. (ते घडवणाऱ्या चमूच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन यांना 1988 चं नोबेल मिळालं.) जपायची ती किडनी. औषध भरभर गेलं तर तिथे त्याचे खडे धरतात, म्हणून सिस्टर दर आठ तासांनी ती बाटली तासभर सावकाश सोडतात आणि लघवीचं माप लिहितात. ड्रिप हळू चाललीय म्हणून चाक फिरवून वाढवू नका. नातेवाईक हे करताना मी पाहिलंय.

मेंदूचा तुकडा आता काढावा लागत नाही, तेही व्हिटलींच्याच गटामुळे. लेकमन आणि व्हिटली यांनी 1995 साली दाखवलं की पाठीतल्या पाण्यात विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणी बायोप्सीशी, म्हणजे मेंदूचा तुकडा काढून केलेल्या तपासणीशी, जवळजवळ तंतोतंत जुळते. मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते. एमआरआय आणि लक्षणं संशयाची असतील तर डॉक्टर पुन्हा पाणी काढायला सांगतील. तेव्हा नाही म्हणू नका.

औषध 14 ते 21 दिवस शिरेतूनच जाईल. पुढे तीन महिने गोळ्या देऊन फायदा होतो का, हेही तपासून झालंय: 2015 मध्ये छापलेल्या चाचणीत तो दिसला नाही. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी गोळ्या लिहून दिल्या नाहीत तर काही राहून गेलं असं समजू नका.

हर्पिस ऐकून घरात कुजबुज सुरू झाली असेल तर तीही थांबवा. मोठ्या माणसांत हा बहुतेक वेळा ओठाच्या कडेला फोड आणणारा विषाणू असतो, आणि तो अर्ध्याहून जास्त जगाच्या अंगात आहे.

घरी गेल्यावर काही आठवड्यांनी वडील पुन्हा विचित्र वागू लागले, झोप उडाली, तोंडाच्या किंवा हातापायांच्या नको त्या हालचाली दिसल्या, तर 'आजाराचाच उरलेला भाग' म्हणून थांबू नका. कधी कधी विषाणू गेल्यावर शरीर स्वतःच्याच मेंदूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. त्यावर स्टेरॉइडसारखे वेगळे उपचार आहेत. त्याच दिवशी दाखवा, आणि डिस्चार्ज कार्ड व एमआरआयची सीडी सोबत न्या.