टीव्हीचा आवाज वाढतो, शब्द मात्र कळत नाहीत

“बाबांना सिनेमाचं वेड होतं. आता अर्ध्या तासात उठून खोलीत जातात. पूर्ण पाहिला तरी गोष्ट नीट सांगता येत नाही. विसरायला लागलेत का? की मन उदास आहे?” ७४ वर्षांच्या सासऱ्यांबद्दल एका सुनेचा हा प्रश्न. ज्येष्ठ असलेल्या कितीतरी घरांतून तो येतो, म्हणून ही केस सविस्तर मांडत आहोत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

या सासऱ्यांशी, म्हणजे काकांशी, समोरासमोर बोलणं झालं तेव्हा पेन्शनच्या तारखेपासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सगळं त्यांना चोख आठवत होतं. पण समुपदेशकाने लिहिण्यासाठी मान खाली घातली की “काय म्हणालात?” असं ते विचारत. समोरच्याचे ओठ दिसेनासे झाले की संभाषण तुटत होतं. सिनेमाबद्दल त्यांचं म्हणणं एका वाक्याचं: “आवाज येतो हो, पण सगळे तोंडात सुपारी धरून बोलतात.”

ही तक्रार अगदी अचूक आहे. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, च, ट, त, फ यांसारखी व्यंजनं बरीचशी २००० हर्ट्‌झच्या वर असतात आणि तीच निसटतात. मग ‘साप’, ‘ताप’ आणि ‘शाप’ हे तिन्ही शब्द ‘आप’ असेच कानावर पडतात. काकांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, हेच दिसलं: दोन्ही कानांत ५०० हर्ट्‌झला ३० डेसिबल, १००० ला ३५, २००० ला ५० आणि ४००० ला ६५ (डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी). म्हणजे मध्यम बहिरेपणा, पण उतार तीव्र.

घरात टीव्हीचा आवाज ४५ वर जायचा आणि वाद व्हायचे. आवाज वाढवला की स्वर आणि पार्श्वसंगीत वाढतं, निसटलेली व्यंजनं फारशी परत येत नाहीत. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तच, टोचतो. संवादासाठी वाढवलेला आवाज मारामारीच्या प्रसंगात असह्य होतो, रिमोट खाली येतो आणि पुढचे संवाद जातात. सगळी शक्ती शब्द ओळखण्यात खर्च झाली की गोष्ट लक्षात ठेवायला काही उरत नाही. जे कानापर्यंत पोचलंच नाही त्याला विसरणं म्हणू नये. स्मरणशक्तीची शंका असेल तर ती तपासणी जरूर करा, पण ऐकण्याची सोय आधी करून आणि श्रवणयंत्र घेतलं असेल तर ते कानात असताना.

काकांच्या कपाटात तीन वर्षांपूर्वी घेतलेलं एक श्रवणयंत्र पडून होतं. “घूं घूं करतं, उपयोग नाही.” कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहिलं तर कानात मळ घट्ट बसलेला. तो त्यांनीच काढला. घरी काडी किंवा इअरबड घातला तर मळ आणखी आत जातो. यंत्राच्या टोकाची मळ अडवणारी बारीक जाळीही बुजलेली होती. ती बदलता येते आणि अनेक ‘बिघडलेली’ यंत्रं तेवढ्यानेच बोलू लागतात. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकणं तपासून यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञाने, नव्या ऑडिओग्रामप्रमाणे सेटिंग केलं आणि दुसऱ्या कानालाही यंत्र दिलं. बहिरेपणा दोन्ही कानांत असताना एकाच कानाला यंत्र लावलं, तर गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं अवघड जातं.

बहुतेक घरांत इथे एक गफलत होते. यंत्र फक्त सिनेमा पाहताना लावतात. मेंदूला नव्याने ऐकू येणाऱ्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि सिनेमा हा त्यातला अवघड धडा. काकांनी आधी घरातल्या गप्पा, मग बातम्या (एकच माणूस, चेहरा समोर, मागे संगीत कमी), मग मालिका आणि शेवटी सिनेमा असा क्रम ठेवला. जुने मराठी चित्रपट त्यांना सर्वात आधी जमले. त्यातले संवाद सावकाश, खणखणीत आणि संगीत बोलण्यामागे दबून असतं.

टीव्हीवरचं काम अर्ध्या तासाचं होतं, पण फरक मोठा पडला. चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. ५.१ म्हणजे सहा वेगवेगळ्या वाटांनी (चॅनेलनी) येणारा आवाज; त्यात संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतात. टीव्हीचे दोनच स्पीकर सगळे चॅनेल एकत्र करतात तेव्हा संवाद दबू शकतात. म्हणून ॲपमध्ये ऑडिओचा पर्याय असेल तर ५.१ ऐवजी स्टिरिओ (दोनच चॅनेलचा आवाज) निवडा. टीव्हीच्या साउंड मेनूत ‘सिनेमा’ किंवा ‘सराउंड’ बंद करून आवाज स्पष्ट करणारा मोड लावा. कंपनीनुसार नाव वेगळं असतं. ‘नाइट मोड’ असेल तर लावा, तो मोठे-लहान आवाज जवळ आणतो. साउंडबार घ्यायचाच तर मधला, संवादाचा स्वतंत्र स्पीकर असलेला घ्या.

काकांना सर्वात जास्त फायदा झाला टीव्हीचा आवाज थेट यंत्रात पाठवणाऱ्या डबीचा. ती बहुधा यंत्राच्याच कंपनीची लागते आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटला (डिजिटल आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीला) जोडतात. जोडल्यावर काहीच ऐकू आलं नाही तर घाबरू नका: डिजिटल ऑडिओचं सेटिंग ‘पीसीएम’ (साधा डिजिटल आवाज) करा, कारण अशा बऱ्याच डब्यांना डॉल्बीचा सिग्नल उलगडता येत नाही. काही टीव्ही ऑप्टिकल निवडल्यावर स्वतःचे स्पीकर बंद करतात, मग बाकीचे घर मुकं बसतं. ‘टीव्ही स्पीकर + ऑप्टिकल’ असा पर्याय शोधा. डबी परवडत नसेल तर टीव्हीसाठीचे रेडिओ लहरींवरचे वायरलेस हेडफोन पाहा. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ओठांचा आधार घेणाऱ्या माणसाला हा उशीर फार त्रास देतो.

बसायची जागा टीव्हीपासून पाच-सहा फुटांवर, पंखा कमी वेगात, स्वयंपाकघराचं दार बंद. फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदे असले की खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो.

सबटायटल लावायला काकांनी आधी नकार दिला. कमीपणा वाटत होता. “मराठी माणसाला मराठी सिनेमा वाचून कळायचा?” या भावनेचा मान ठेवायलाच हवा, त्यावर वाद घालू नये. आम्ही एवढंच सुचवलं की प्रत्येक ओळ वाचू नका, शब्द हुकला तरच खाली नजर टाका. अडचण अशी की मराठी चित्रपटांना ॲपवर बहुधा इंग्रजीच सबटायटल मिळतात. काही हिंदी चित्रपटांना हिंदी मिळतात, देवनागरी असल्यामुळे ती भरभर वाचता येतात. ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन) लिहिलेला पर्याय असेल तर तो घ्या. त्यात दारावरची थाप, फोनची घंटा असे आवाजही लिहिलेले असतात. अक्षर मोठं, पांढरं आणि मागे काळी पट्टी ठेवा. लांबचा चष्मा तपासून बरीच वर्षं झाली असतील तर तोही तपासा.

गाण्यांची तक्रार वेगळी होती: बासरीचा लांब सूर थरथरल्यासारखा वाटायचा. यंत्राचा आवाज त्याच्याच माइकमध्ये परत शिरला की शिट्टी वाजते; यंत्र बासरीच्या सुराला तीच शिट्टी समजून दाबत होतं. ऑडिओलॉजिस्टने संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून दिला.

घरच्यांशी स्वतंत्र बोलणं झालं. “काय म्हणाला तो?” या प्रश्नाला “काही नाही, नंतर सांगते” हे उत्तर फार लागतं, आणि माणूस उठून जातो तो बऱ्याचदा यामुळेच. सुनेने रिमोट काकांच्या हातात दिला. त्यांना हवं तिथे थांबवायचं, दहा सेकंद मागे जायचं, कुणी उसासा टाकायचा नाही. कथेचा गोषवारा आणि पात्रांची नावं आधी सांगितली की शब्द ओळखणं सोपं जातं. नावं हाच सर्वात जास्त हुकणारा भाग. थकवा आला तर मध्यंतराला थांबून उरलेला दुसऱ्या दिवशी पाहावा.

थिएटरचा विषय शेवटी निघाला. तिथे संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून मधल्या रांगांतल्या मधोमध खुर्च्या घ्याव्यात. कडेच्या आणि अगदी मागच्या खुर्च्यांवर बाजूचे स्पीकर आदळतात. आवाज टोचतो म्हणून यंत्र काढून ठेवू नका, यंत्राचा आवाज दोन पायऱ्या कमी करा. खिशात यंत्राच्या सेलची नवी जोडी ठेवा; स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच बसवा. तिकीट काढण्यापूर्वी सबटायटलचा शो आहे का हे थिएटरला विचारा. हा हट्ट नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनासाठी कॅप्शनसारख्या सोयींच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. काकांनी दुपारचा शो निवडला, सुनेने कथा आदल्या रात्री वाचून दाखवली.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ऐकणं एकाच कानात किंवा एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं, तर ते वयाचं समजून यंत्राच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी उपचाराला उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येण्याची शक्यता कमी होते.